पांढरी लेन्स दिसली की ‘कुठल्या पेपरचे ओ तुम्ही?’

बेळगावच्या खडे बाजारातून 70-200 मिलिमीटरची लांब पांढरी लेन्स लावलेला कॅमेरा गळ्यात अडकवून निघा. दहा दुकानं ओलांडायच्या आत कोणीतरी विचारतंच, ‘कुठल्या पेपरचे ओ तुम्ही?’ त्याच कॅमेऱ्यावर 50 ची बुटकी लेन्स लावली की प्रश्न होतो, ‘स्टुडिओ कुठं हाय तुमचा?’ आणि मुठीत मावणारा कॅमेरा असेल तर कोणी काही विचारतच नाही. फार तर एखादं पोरगं ‘असला कॅमेरा अजून चालतो होय?’ म्हणत हसून जातं.

सीमाभागात याला आणखी एक शेपूट असतं. पेपर म्हटलं की मराठी की कन्नड, हे ओघानं येतं. निपाणीपासून खानापूरपर्यंत हा दुसरा प्रश्न बहुतेक वेळा तोंडानं विचारला जात नाही, नजरेनं विचारला जातो. 1 नोव्हेंबरला, एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिन असताना, तो तोंडानंही विचारला जातो. त्या दिवशी ओळखपत्र नसताना खिशाखिशांचं जाकीट आणि लांब नळी घेऊन फिरणं हा शुद्ध आगाऊपणा आहे.

कॅमेरा किती महाग किंवा किती चांगला, हे रस्त्यावरच्या माणसाला कळत नाही आणि त्याला त्याचं घेणंदेणंही नाही. हा गडी इथं कशाला आलाय, एवढंच तो कॅमेऱ्याकडे बघून ताडतो. म्हणून ‘लहान चांगला की मोठा’ या वादात मला काही हाशील दिसत नाही. ज्या ठिकाणी जायचंय तिथं आपल्याबद्दलचा कोणता गैरसमज परवडेल, ते आधी ठरवावं आणि त्या मापाचं सामान पिशवीत घालावं.

पांढऱ्या लेन्सपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त बोलते ती तीच. तो रंग मुळात मिरवायला दिलेला नाही. काळी नळी उन्हात तापते, आणि कॅननच्या मोठ्या टेलिफोटो लेन्समध्ये वापरलं जाणारं फ्लोराइट उष्णतेनं साध्या काचेपेक्षा जास्त प्रसरण पावतं, म्हणून ऊन परतवणारा रंग. पण क्रिकेटच्या मैदानांच्या कडेला आणि मंत्र्यांच्या गाड्यांमागे हीच नळी वर्षानुवर्षं टीव्हीवर दिसली, आणि पांढरी लेन्स म्हणजे चॅनेलवाला हे समीकरण पक्कं झालं. काही जण तिच्यावर जंगलात वापरायचं हिरवं-तपकिरी ठिपक्यांचं कव्हर चढवतात. भीमगडच्या झाडीत ते शोभतं. बेळगावच्या कॅम्पात, मराठा लाइट इन्फंट्रीच्या आवाराजवळ, तसली नळी घेऊन उभं राहण्यापेक्षा पांढरी परवडली. लांबी सरकारही मोजतं, हे विसरू नका. नागरहोळे, बंदीपूरसारख्या कर्नाटकातल्या सफारींत कॅमेऱ्याची फी लेन्स किती मिलिमीटरची यावर ठरते.

कॅननची जुनी 70-200 एफ 2.8 (तिसरी आवृत्ती) सुमारे 1,480 ग्रॅम भरते, मिररलेस, म्हणजे आतला आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठीची नवी सुमारे 1,070. वजनात 400 ग्रॅमची बचत झाली तरी समोरच्याच्या दृष्टीनं काही बदलत नाही, कारण त्याला समोरची काच आणि हूड, म्हणजे ऊन अडवणारी कडा, दिसते. 77 किंवा 82 मिलिमीटरच्या तोंडाच्या लेन्सवर फुलासारखा हूड चढला की ती होती त्याच्या दीडपट वाटते. 50 एफ 1.8 चं तोंड 49 मिलिमीटरचं आणि वजन 160 ग्रॅम. कॅमेरा तोच ठेवून ही लेन्स लावलीत तरी निम्मी नजर उतरते. नवा लहान कॅमेरा घ्यायच्या आधी हे करून बघा, फार स्वस्तात काम होतं.

तरी माझ्या मते आकाराच्या दुप्पट काम अंतर करतं, आणि अंतर लेन्स ठरवते. हिशेब सोपा आहे. कमरेपासून डोक्यापर्यंतचा माणूस उभ्या चौकटीत बसवायचा म्हणजे साधारण 90 सेंटीमीटर उंची. फुल फ्रेम सेन्सरची, म्हणजे चित्र टिपणाऱ्या मोठ्या चिपची, लांब बाजू 36 मिलिमीटर. भागाकार येतो 25. म्हणून लेन्सच्या मिलिमीटरला 25 नं गुणलं की किती मिलिमीटरवर उभं राहायचं ते मिळतं. 28 ची लेन्स असेल तर 70 सेंटीमीटर, 50 ची असेल तर सव्वा मीटर, 85 ला दोन मीटरच्या थोडं पुढं, 200 ला पाच मीटर. त्याहून लहान, म्हणजे क्रॉप सेन्सर असेल तर लेन्सचा आकडा आधी 1.5 नं गुणून घ्या, कॅननवाल्यांनी 1.6 नं. फोनची मुख्य लेन्स साधारण 24 च्या तोडीची, म्हणजे 60 सेंटीमीटर.

आता हे आकडे बेळगावच्या गणपत गल्लीत ठेवून बघा. पाच मीटरवरून फोटो काढायचा तर तुमच्या आणि भाजीवालीच्या मधून दोन दुचाकी, एक हातगाडी आणि चार गिऱ्हाइकं जातात. तुम्ही नळी रोखून वाट बघत राहता. तिला ते दिसत असतं, पण तिथून तुम्हाला तिच्याशी बोलता येत नाही, ओरडावं लागतं. चोरून काढतोय असं वाटतं ते इथं. उलट 70 सेंटीमीटरवर 82 मिलिमीटरची काच नेली तर ती थेट अंगावर येते, तिथं लहानच कॅमेरा हवा. सव्वा मीटर हे बोलण्याचं अंतर. ‘मावशी, एक काढू काय?’ साध्या आवाजात विचारता येतं, नको म्हटलं तर मान हलवून पुढं जाता येतं. पूर्वेकडे, गोकाक-सौंदत्तीच्या बाजूला, ‘अज्जा, वंद फोटो तगीलेन्री?’ एवढं कन्नड पाठ असावं. ते मोडकंतोडकं निघालं तर आणखी बरं, समोरचा हसतो. ‘ब्याड्री’, म्हणजे ‘नको’, ऐकू आलं की कॅमेरा खाली. तिथं दुसऱ्यांदा विचारायचं नसतं.

चेहरा किती झाकला जातो, हा यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. आरसावाल्या डीएसएलआरचा व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावायची खिडकी, मधोमध असतो. उजवा डोळा लावला की नाक, तोंड आणि डावा गालही कॅमेऱ्यामागे जातो. डाव्या डोळ्यानं बघणाऱ्यांचा तर अख्खा चेहरा गायब होतो, उरतो हात आणि काच. फुजीच्या एक्स 100 मालिकेत किंवा सोनीच्या ए 7 सी मध्ये व्ह्यूफाइंडर डाव्या कोपऱ्यात आहे. उजवा डोळा लावूनही तुमचा डावा डोळा आणि अर्धा चेहरा समोरच्याला दिसत राहतो, हसलात तर हसू दिसतं. जुन्या रोलायफ्लेक्समध्ये, 1929 पासून, पोटाशी कॅमेरा धरून वरून वाकून बघायची सोय होती. वर उचलली जाणारी स्क्रीन आज तेच काम करते. मात्र बाजूला उघडणारी स्क्रीन असेल तर फसगत होते. ती डावीकडे पंखासारखी बाहेर येते, तुमची नजर तिकडे जाते, आणि लोकांना वाटतं व्हिडिओ चाललाय. मग कोणी ताठ उभं राहतं, कोणी हात हलवतं.

बाकी बारीकसारीक. कंपनीनं दिलेला पिवळ्या-लाल अक्षरांचा पट्टा काढून साधा काळा लावा. बीप बंद, फोकसला मदत करणारा समोरचा दिवा बंद, काढलेला फोटो आपोआप स्क्रीनवर झळकणं बंद. संध्याकाळनंतर तो झळकणारा चौकोन समोरच्याच्या आधी शेजारच्याला दिसतो आणि मग ‘बघू, बघू’ सुरू होतं. कॅमेऱ्यावरच्या नावावर पट्टी चिकटवायची असेल तर इलेक्ट्रिशियनची प्लॅस्टिक टेप नको. एप्रिलच्या उन्हात तिचा गोंद सुटतो आणि अक्षरांत चिकट मळ बसतो. कापडी गॅफर टेप घ्या. कार्तिए-ब्रेसाँनं आपल्या लायकाचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीनं झाकले होते, ती युक्ती अजून तशीच लागू पडते. आणि कॅमेऱ्याची म्हणून ओळखू येणारी चौकोनी बॅग घरी ठेवा. साध्या पाठपिशवीत आतला गादीचा कप्पा बसवला की झालं.

आवाजाचं म्हणाल तर तो जागेवर अवलंबून आहे. कीर्तनात किंवा गाभाऱ्याबाहेर आरशाचा खटका दहा माना वळवतो, तिथं मिररलेसचं इलेक्ट्रॉनिक शटर किंवा एक्स 100, रिकोच्या जीआरसारख्यांचं लेन्समधलं पानांचं शटर हवं. पण शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत ढोल-ताशापुढं तुमचा खटका कोण ऐकणार? तिथं मुक्या शटरचा हट्ट धरलात तर नुकसानच होतं. चित्ररथावरच्या एलईडी माळा डोळ्याला सलग दिसल्या तरी त्या लुकलुकत असतात, आणि इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीनं वाचत असल्यामुळे चित्रावर आडवे काळे पट्टे उमटतात. मेकॅनिकल शटर ठेवा, वेग 1/100 किंवा 1/50. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून हे आकडे. शोभेच्या काही माळांचा कंट्रोलर वेगळ्याच गतीनं चालतो. पट्टे गेले नाहीत तर वेग थोडा मागेपुढे करून एकदा स्क्रीनवर मोठं करून बघा. आनंदवाडीच्या आखाड्यातल्या कुस्तीलाही मुकं शटर नको, पट काढताना हात-पाय तिरके होऊन येतात.

आता भंडारा. चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत किंवा सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर हवेतच हळद असते, आणि लहान कॅमेऱ्याचं कौतुक इथं संपतं. रिकोचा जीआर 3 हा 257 ग्रॅमचा, खिशात जाणारा, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला कॅमेरा. पण त्याची लेन्स चालू करताना बाहेर येते, बंद करताना आत जाते, आणि प्रत्येक वेळी हवेबरोबर धूळ आत ओढते. त्याला धूळरोधक सीलही नाही. हळदीचा कण सेन्सरवर बसला की आकाशाच्या जागी ठिपका दिसतो, आणि लेन्स निघत नसल्यामुळे घरी साफ करता येत नाही, सेवा केंद्रातच उघडावा लागतो. एक्स 100 व्ही आणि सहावी आवृत्ती त्या मानानं बरी. मात्र समोर जोडकडी आणि 49 मिलिमीटरचा फिल्टर लावल्याशिवाय तिचंही सील पूर्ण होत नाही, आणि विकत घेताना हे कोणी सांगत नाही.

म्हणजे जिथं लहान कॅमेऱ्यानं लोक मोकळे राहिले असते, तिथंच तो टिकत नाही. तोडगा असा: सील असलेली मध्यम आकाराची बॉडी, तिच्यावर 35 किंवा 50 ची सील असलेली लेन्स, समोर साधा फिल्टर, आणि संपूर्ण यात्रेत लेन्स बदलायची नाही. बॉडीवर स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म गुंडाळून फक्त काच आणि व्ह्यूफाइंडर उघडे ठेवा. परत आल्यावर ओलं फडकं लावायचं नाही. हळद ओली झाली की रबराच्या ग्रिपमध्ये मुरते, आणि साबण लागला तर लाल होते. आधी कॅमेरा उलटा धरून हातपंपानं हवा मारा, मग कोरडा मऊ ब्रश, मग पुन्हा हवा. तोंडानं फुंकू नका, थुंकीचे कण बसतात. पट्टा धुवून उन्हात टाकला तर पिवळेपणा बराच उडतो, कारण हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही.

सौंदत्तीत आणखी एक गोष्ट सांभाळायची आहे. देवदासी प्रथेविरुद्ध कर्नाटकात 1982 चा कायदा आहे, आणि डोंगरावर येणाऱ्या, देवीला वाहिलेल्या जोगतिणींकडे, जोगत्यांकडे कॅमेरे बातमीच्या नजरेनं फार वेळा वळले आहेत. त्यांना मोठी लेन्स म्हणजे काय ते पुरतं ठाऊक असतं. तिथं दुरून टिपणं ही नुसती गैरसोय नाही, तो अपमान आहे. जवळ जा, बसा, विचारा, नाही म्हटलं तर त्यांच्या चौंडक्याचं (वाद्याचं), परडीचं चित्र मिळतंय का बघा, तेही विचारूनच.

फोनबद्दल एक उलटी गोष्ट दिसते. फोन निरुपद्रवी मानला जातो, असं सगळे गृहीत धरतात. आता तसं राहिलेलं नाही. नदीच्या घाटावर, यात्रेत बायका फोनकडे जास्त संशयानं बघतात, कारण तो फोटो रात्री कुठल्या रीलमध्ये जाईल सांगता येत नाही. गळ्यात कॅमेरा लटकवलेला माणूस निदान उघडउघड फोटोग्राफर असतो. त्यातही कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश आणि फ्लॅशवर उजेड मऊ करणारी पांढरी टोपी असेल तर या भागात सगळ्यात निर्धोक समजली जाणारी ओळख आपोआप मिळते: लग्नाचा फोटोवाला. चिकोडी-निपाणीकडच्या खेड्यात तसं गेलात तर ‘कुणाच्या घरचं कार्य?’ म्हणून विचारतात आणि पाण्याचा तांब्या पुढं करतात. तोटा एकच, पोरं. पंधरा पोरं ओळीनं उभी राहतात, आणि त्यांचा एक फोटो काढून दाखवल्याशिवाय सुटका नाही.

लग्नाच्या धंद्यात मात्र हिशेब उलटा फिरतो. मंगल कार्यालयात लहान कॅमेरा घेऊन गेलं की मुलीचे मामा हमखास म्हणतात, ‘एवढुसाच कॅमेरा?’ 2018 नंतर पुष्कळ जण डीएसएलआर सोडून सोनी ए 7 थ्रीसारख्या बॉडीवर आले. निकॉन डी 750 होता 840 ग्रॅमचा, हा 650 चा. चित्रात काही उणं नाही, पण हातात हलका दिसतो. मग बॅटरी ग्रिप लावली जाते. लोक म्हणतात दिखाव्यासाठी, पण निम्मं कारण खरं आहे. ठरलेल्या चाचणीप्रमाणे डी 750 एका बॅटरीत सुमारे 1,230 फोटो काढायचा, ए 7 थ्री सुमारे 710. हळदीपासून वरातीपर्यंत चालायचं तर दोन बॅटऱ्या लागतातच, शिवाय उभा कॅमेरा धरताना मनगट वाचतं. यजमानाला ग्रिप दिसते, दोन कार्डांवर एकाच वेळी लिहिणारा दुसरा स्लॉट दिसत नाही, आणि एक कार्ड बिघडलं तर लग्न वाचवतो तो स्लॉट.

मोठं दिसायचंच असेल तर पैसे लेन्सच्या नळीत घालण्याऐवजी दिव्यांत घाला. दोन स्टँड, दोन छत्र्या, एक मदतनीस, एवढ्यानं मामांचं समाधान होतं आणि एलईडी वॉलच्या जांभळ्या उजेडात नवरीचा चेहराही माणसाच्या रंगाचा येतो. स्टँडचा एक पाय छत्रीच्या झुकावाच्या दिशेला करा आणि खाली पाच लिटरचा पाण्याचा कॅन बांधा. अक्षता पडल्या की अख्खं कार्यालय स्टेजकडे धावतं, आणि बांधलेला नसेल तर पहिला स्टँड आडवा होतो.

बेळगावच्या किल्ल्यात मामला वेगळा. तिथली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, 1204 ची, मंडपाच्या छतातलं दगडी कमळ बघण्यासारखं. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत हातातला कॅमेरा चालतो, पण ट्रायपॉड उघडला की आधी घेतलेली परवानगी विचारतात. तीन पाय दिसले की तुम्ही पर्यटक राहत नाही. कमळासाठी ट्रायपॉड लागतच नाही. पूजा चालू नसेल, जाण्यायेण्याची वाट अडत नसेल, तर रुमालाची घडी जमिनीवर ठेवून कॅमेरा पाठीवर निजवा, लेन्स 18 ते 24, एफ 8, आयएसओ 200, दोन सेकंदांचा टायमर. शटर एक सेकंदाच्या आसपास येईल. पट्टा काचेसमोर येत नाही ना तेवढं बघा आणि स्वतः मागे सरका, नाहीतर छताच्या कडेला तुमचं डोकं येतं. किल्ल्याच्या परिसरात आणि कॅम्पात लष्कराच्या जागा आहेत. पाटी असेल तिथं कॅमेरा पिशवीत जातो, मग तो केवढाही असो. 1923 चा सरकारी गुपितांचा कायदा लेन्सचं माप विचारत नाही, आणि लहान कॅमेऱ्यानं काढताना सापडलात तर लपवून काढत होतात असंच दिसतं.

बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या मागांवर जायचं तर आधी मालकाला भेटा, मग विणकराला. उलट क्रमानं गेलात तर विणकर अडचणीत येतो. मोठी बॅग घेऊन आत गेलं की कुठल्या तरी खात्याची तपासणी आली असं वाटतं. 35 एफ 2, 1/100, आयएसओ 3200 नं ट्यूबलाइटमध्ये भागतं.

आणि दुसऱ्यांदा जाल तेव्हा प्रिंट न्या, 4 बाय 6 ची. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो दाबून लहान होतो आणि चार दिवसांत वर सरकून जातो. हातात दिलेली प्रिंट देव्हाऱ्याशेजारी लागते, आणि तिसऱ्या खेपेला तुमच्या गळ्यात काय लटकतंय ते कोणी बघत नाही. मागे नाव-गल्ली लिहून ठेवा म्हणजे वाटताना गोंधळ होत नाही. बॉलपेननं लिहू नका, चकचकीत कागदावर अक्षरं पुढच्या बाजूला उठतात. मार्करनं लिहा आणि शाई नीट वाळल्यावरच एकावर एक ठेवा, नाहीतर कुलकर्ण्यांच्या गल्लीचं नाव पाटलांच्या आजीच्या कपाळावर उमटतं.